मुंबई ते लंडन, साडेसात तास

शिरूर,
१२ नोव्हेंबर १९६१

मामूंना मेहरुनचा सलाम.

इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तसं काही नाही. चार दिवस झाले, अम्मा आणि आपला मीरासाहेब भाई एकमेकांशी माझ्यामार्फत बोलताहेत. "त्याला इचार, भाकरी वाढू का." "तिला सांग, वाढ." दोघं एकाच चुलीपुढे बसलेले असतात, मध्ये मी. शाळेत चौथीच्या बेचाळीस मुली सांभाळून यायचं आणि घरी ही दोन लेकरं.

झालं असं. भाईला विलायतेत नोकरी लागली. पुण्याच्या कारखान्यात त्याच्याबरोबर लेथवर काम करणारा चांदभाई दोन वर्षांपूर्वी तिकडे गेला, त्यानं खटपट केली. एक फेब्रुवारीला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं त्या कारखान्याचं पत्र आहे. बोटीनं अठरा-वीस दिवस लागतात आणि जानेवारीच्या बोटी भरून गेल्या आहेत. म्हणून चांदभाई तिकडूनच विमानाचं तिकीट काढून पाठवतो म्हणाला. विमान म्हटल्याबरोबर अम्मानं हातातला पिठाचा गोळा परातीत आपटला.

ती "जाऊ नको" म्हणाली असती तर मी भांडले असते. ती तेवढी साधी कुठली! म्हणाली, "जा की. म्या कुठं आडवलंय? पर ज्या दिशी तू उडशील त्या दिशी माझा रोजा. आन् तू तिथं पोचल्याबिगर म्या पान्याचा थेंब घ्यायची न्हाई. मन्नत हाय माझी."

तुम्हाला ठाऊक आहे, गेल्या उन्हाळ्यात तिला मूतखड्यानं किती छळलं. मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, थंडीतला एका दिवसाचा रोजा कसाबसा चालेल, पण दिवस मावळला की पाणी पोटात गेलंच पाहिजे, पुढे ताणलं तर मूत्रपिंडाचं काही सांगता येणार नाही. हे ऐकून भाईनं जाहीर केलं की विमान दिवस मावळायच्या आत पोहोचणार नसेल तर तो जाणार नाही. म्हणजे आता सगळं एका आकड्यावर आलं आहे. मुंबईहून लंडन किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो?

शिरुरात कोणाला विचारावं? रेडिओ दुरुस्त करणारा जालिंदर म्हणतो दोन दिवस. आमच्या हेडबाई म्हणतात एक रात्र. एस.टी.चा कंडक्टर म्हणतो चार तास, वारा मागून असेल तर तीन. तिघांचाही आवाज इतका ठाम की मी तिघांनाही मान डोलावून आले.

मामू, तुम्ही एकतीस वर्षं रेल्वेचे गार्ड म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून वेळा लिहिल्यात. मला अंदाज नको. पक्का आकडा कळवा.

तुमची,
मेहरुन

•

दौंड,
१६ नोव्हेंबर १९६१

चि. मेहरुनला दुवा.

कार्डच लिहितो, कारण सांगण्यासारखं अजून काही नाही. विमानाबद्दल मला काडीची माहिती नाही. पण वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक, मग ते रुळावरचं असो की ढगातलं. तपास सुरू केला आहे. आपाला, तुझ्या अम्माला, म्हणावं, तोवर नवीन मन्नत करू नकोस.

नबीलाल

•

दौंड,
२७ नोव्हेंबर १९६१

चि. मेहरुनला दुवा.

आकडा मिळाला. शांत बसून वाच आणि मग आपाला वाचून दाखव.

माझ्याबरोबरचा गार्ड मच्छिंद्र अजून नोकरीत आहे, मेल घेऊन मुंबईला जातो. त्याला तिथल्या कोट भागातल्या विमान कंपनीच्या कचेरीत पाठवलं. तिथल्या साहेबानं त्याच्या हातातला शिट्टीचा गोफ बघून "तुम्हाला लंडनला जायचंय?" असं विचारलं म्हणे. मच्छिंद्रही कमी नाही. म्हणाला, "गाडी कशी हाय ते बघतो, मंग ठरवतो." असो. त्यानं एक घडीचा गुळगुळीत कागद आणला आहे, इतका सुंदर की मी अजून हात धुऊनच त्याला धरतो.

तर मुंबईहून सकाळी साडेदहाला सुटतं. मध्ये थांबे तीन: कैरो, रोम, जिनिव्हा. लंडनला संध्याकाळी सहाला. अंतर सगळे वळसे धरून चार हजार सातशे मैल. म्हणजे प्रवास साडेसात तासांचा. मेहरुन, मी हा हिशेब चार वेळा केला, कारण माझा विश्वास बसेना. आमची मनमाड पॅसेंजर इथून निघून मनमाडला पोहोचायला जवळजवळ एवढाच वेळ घेते, आणि ते अंतर दीडशे मैलसुद्धा नाही!

तुझ्या मनात येईल, लंडनचं घड्याळ वेगळं असेल तर? मी तुझ्या आधी तो विचार केला. तुला ठाऊक नसेल, पण परवापरवापर्यंत मुंबईत म्युनिसिपालटीचं घड्याळ रेल्वेच्या घड्याळापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे असायचं. माणसं शहराच्या वेळेनं घरून निघायची आणि स्टेशनात येऊन गाडीचं शेपूट बघायची. मी किती जणांच्या शिव्या खाल्ल्या असतील! पण आमच्या वेळापत्रकात कधी दोन वेळा आल्या नाहीत. गाडी कोणत्याही गावातून जावो, कंपनीचं घड्याळ एकच. गावाचं घड्याळ गावानं बघावं. ज्या कंपनीच्या वेळापत्रकात दर स्टेशनाला घड्याळ बदलेल तिच्या गाड्या दुसऱ्याच दिवशी एकमेकींवर आदळतील. तेव्हा साडेदहा ते सहा म्हणजे साडेसात तास. यात शंका नाही.

जानेवारीच्या शेवटी तुमच्याकडे मगरीबची, म्हणजे दिवस मावळल्याची, अजान साडेसहाच्या सुमारास होते. पोरगं अर्धा तास आधीच उतरलेलं असेल. आपाचा रोजाही पुरा, मन्नतही पुरी आणि डॉक्टरही खूश.

तुझा,
नबीलाल मामू

•

शिरूर,
४ डिसेंबर १९६१

मामूंना मेहरुनचा सलाम.

तुमचं पत्र म्हणजे ईदच झाली. अम्माला सगळं वाचून दाखवलं. तिनं आकडा दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "सगळीकडं येकच घड्याळ, आसं लिवलंय व्हय त्यानं?" मी म्हटलं, होय, असंच लिहिलंय. तिनं तवा उतरवला, राख लोटली, आणि मग म्हणाली, "नबीलालनं लिवलंय ना? मंग झालं."

एवढंच! मला वाटलं होतं दोन तास वाद होईल. मामू, तुमच्या शब्दाला या घरात केवढं वजन आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी रोज एवढं बोलते, त्याचं कोणी ऐकत नाही आणि दौंडहून एक कागद आला की निकाल लागतो.

आता अम्मा भाईशी सरळ बोलते. रागावते, पण सरळ. त्यानं चांदभाईला तिकिटासाठी पत्र टाकलं आणि पुण्याच्या नोकरीचा राजीनामाही दिला.

आता मला चैन पडत नाही म्हणून थोडं विचारते. विमान तीन ठिकाणी थांबतं ते कशाला? इंजिनाला पाणी लागतं का? मागच्या बाजूला गार्ड असतो का, आणि असला तर त्याला झेंडी कोण दाखवतं? साडेसात तासांत सबंध अरबस्तान आणि समुद्र ओलांडायचा, तर खिडकीतून काही दिसतं का नुसतीच रेघ? माझ्या वर्गातल्या मुलींना मी साडेसात तासांचा आकडा सांगितला. एक म्हणाली, "बाई, म्हंजी सकाळी जेवून गेलं की तिथं रातीच्या जेवणाला!" वर्गात नकाशावर आम्ही दोरा लावून बघितला. एवढासा दोरा पुरला.

मेहरुन

•

दौंड,
२२ डिसेंबर १९६१

चि. मेहरुनला दुवा.

हे पत्र एकटी असताना वाच. आपाला वाचून दाखवू नकोस.

माझी चूक झाली आहे. कशी झाली ते सांगतो, कारण ती मला माझ्याच तोंडानं सांगितली पाहिजे.

संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या बाकावर आम्ही रिटायर लोक बसतो. तिथं मी रोज विमानाची शेखी मिरवत होतो. परवा एका जुन्या ड्रायव्हरनं विचारलं, "सरासरी वेग किती पडतो?" म्हटलं, काढू. तीन थांबे, दर थांब्याला एक तास असं कागदावर आहे, म्हणजे साडेसातातून तीन वजा. धावायला उरले साडेचार तास. चार हजार सातशे मैलांना साडेचारांनी भागलं तर ताशी हजाराच्या वर मैल आले! आणि त्याच कागदाच्या मागच्या पानावर कंपनी ऐटीत सांगते की आमचं विमान ताशी सहाशे मैलांपर्यंत पळतं. मेहरुन, गार्डाच्या वहीत असला वेग आला तर त्याचा अर्थ एकच असतो. गाडी नाही पळाली, वेळ चुकीची लिहिली गेली.

मच्छिंद्रला पुन्हा पाठवलं. साहेबानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं मुंगीएवढ्या अक्षरात छापलं आहे की प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाप्रमाणे. मी कागद हात धुऊन धरत होतो, पण चष्मा पुसून वाचला नव्हता. त्यांचं वेळापत्रक दर स्टेशनाला घड्याळ बदलतं आणि तरी त्यांची विमानं आदळत नाहीत, हे मला अजूनही पटत नाही, पण तसं आहे.

लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथं संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. प्रवास साडेसात नव्हे, तेरा तासांचा. आपा पहाटे सहरीचं खाऊन बसली तर साडेअकरापर्यंत साडेसतरा-अठरा तास होतात. डॉक्टर काय म्हणाले ते तूच लिहिलं होतंस.

एकतीस वर्षांत मी एकही वेळ चुकीची लिहिली नाही. लिहिली ती आता, आणि सख्ख्या बहिणीच्या जिवावर. पुढे रूळ उखडलेला दिसला आणि गार्डानं लाल झेंडी दाखवली नाही तर त्याला गुन्हा म्हणतात. आपाला सांगितलंच पाहिजे. मी एकतीस तारखेला, रविवारच्या एस.टी.नं न्हावऱ्यावरून येतो.

नबीलाल

•

शिरूर,
२६ डिसेंबर १९६१

मामूंना सलाम.

येऊ नका. कृपा करून येऊ नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही आणि अम्मा तुमचा चेहरा वाचते.

पत्र वाचून मी दोन दिवस नुसती फिरत होते. मग वर्गात दार-खिडक्या लावून कंदील पेटवला आणि एका मुलीला चेंडू धरायला लावून फिरवला. शिरूरला टाचणी, लंडनला टाचणी. शिरूरची टाचणी अंधारात गेली तरी लंडनची उजेडात. मुलींना एका मिनिटात कळलं. एकीनं तर विचारलं, "बाई, मंग विमानातल्या माणसाचा दिवस लांबतो का?" लांबतो, मामू! तो सूर्याच्या मागे मागे जाणार, म्हणजे त्याचा दिवस संपता संपणार नाही. मला आनंद व्हायला हवा होता. इतकी सुंदर गोष्ट मी कधी शिकवली नव्हती. पण मला रडू आलं.

आता ऐका. तिकीट आलं आहे, अठ्ठावीस जानेवारीचं. भाईची इथली नोकरी गेली आहे. अम्माला खरं सांगितलं तर दोनच गोष्टी होतील. एक तर ती साडेअकरापर्यंत पाण्याशिवाय बसेल, कारण ती बोललेला शब्द मागे घेणाऱ्यांतली नाही. नाहीतर भाई जाणार नाही आणि जन्मभर या चुलीपुढे बसून आम्ही एकमेकांना भाकऱ्या वाढत राहू. मला दोन्ही नकोत.

म्हणून मी ठरवलं आहे. त्या दिवशी घड्याळात सहा वाजले की मी सांगणार, भाई उतरला. अजान झाली की ती रोजा सोडेल. पाप लागलं तर मला लागू दे. तुम्ही फक्त गप्प राहा. तुमचा जुना आकडा तुम्ही लिहिला, नवा तुम्ही कोणाला कळवलाच नाही, असं समजा.

मेहरुन

•

दौंड,
८ जानेवारी १९६२

चि. मेहरुनला दुवा.

गप्प आहे. बाकावरही जात नाही.

पण एक वाट दिसते. आपाची मन्नत "तो पोहोचल्याशिवाय" अशी आहे. विमान पहिल्यांदा कैरोला उतरतं. मुंबई ते कैरो मी हिशेब केला, पावणेसहा तासांच्या आसपास. म्हणजे आपल्या सव्वाचारला पोरगं जमिनीवर असेल. जमिनीला पाय लागला म्हणजे पोहोचला असं धरलं, तर अजानीच्या आधीच मन्नत पुरी होते आणि तुला खोटंही बोलावं लागत नाही. कसं वाटतं?

मी सांताक्रूझच्या विमानतळावर त्याला निरोप द्यायला जाणार आहे. आपा येत नाही म्हणाली, असं त्यानं लिहिलं. तिला बरोबर आण, असं मी म्हणणार नाही.

नबीलाल

•

शिरूर,
१३ जानेवारी १९६२

मामूंना सलाम.

तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं की मनमाडला चहाला उतरलेला माणूस दिल्लीला पोहोचला असं होत नाही. आता कैरोला उतरलेला लंडनला कसा पोहोचला? वाट काढलीत त्याबद्दल आभारी आहे, पण ती मला पटली असती तर मी चौथीलाच नापास झाले असते.

अम्मा मजेत आहे, याचंच जास्त वाईट वाटतं. परवा तिनं दर्ग्याजवळच्या दहा गरिबांना बोलावून जेवू घातलं. भाईच्या प्रवासासाठी असेल. शेजारच्या दगडोबा माळ्याच्या सिंधूबाई मदतीला होत्या, दोघींचं काहीतरी कुजबुजणं चाललं होतं. मी गेल्यावर थांबल्या.

मेहरुन

•

शिरूर,
३० जानेवारी १९६२

मामूंना मेहरुनचा सलाम.

तार आली. "सुखरूप पोहोचलो." तुम्हालाही मिळाली असेल.

परवाचा दिवस लिहिते. अम्मानं पहाटे सहरी केली. साडेदहाला ती अंगणात उभी राहून वर बघत होती. मी म्हटलं, इथून दिसायचं नाही. म्हणाली, "ठाव हाय." दुपारी झोपली. चारनंतर तिचे ओठ सुकलेले दिसायला लागले. सहा वाजले. मी इतक्या वेळा मनात घोकलं होतं तेच बोलले. म्हटलं, "अम्मा, सहा झाले. उतरला भाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हं." अजान झाल्यावर खजूर तोंडात घातला, दोन पेले पाणी प्याली आणि नमाजाला उभी राहिली.

मामू, मी जिंकले आणि मला चोरासारखं वाटतंय. ती पाणी पीत होती तेव्हा तो आकाशात होता, अजून पाच तास. हे जगात फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तिच्या आणि अल्लाच्या मधल्या गोष्टीत मी हात घातला. तिची तब्येत उत्तम आहे, डॉक्टर कालच म्हणाले. तरी माझं मन थाऱ्यावर नाही. तिला सांगू का? का हे असंच पोटात ठेवायचं?

मेहरुन

•

शिरूर,
३ फेब्रुवारी १९६२

नबीलालला आपाची दुवा.

हे पत्र सिंधूबाई लिवतीया. मेहरुन शाळंत गेलीय. म्या बोलते तसंच लिव म्हणून सांगितलंय, सुधरायचं न्हाई.

तू आन् मेहरुन, दोघं मिळून मला फशिवलं आसं तुमास्नी वाटतंय. वाटू दे. पर तू तिकडं जेवत न्हाईस, बाकावर जात न्हाईस, आसं मच्छिंद्रच्या बायकूनं हितल्या बाजारात आली तवा सांगितलं, म्हून लिवते.

तुझं पैलं पत्र ऐकलं तवाच मला कळलं व्हतं की आकडा चुकला. आब्बा हजला गेले व्हते तवा तू नोकरीवर व्हतास. आले तवा त्यांच्या पायाशी म्या बसले व्हते. ते सांगायचे, बोटीवर खलाशी रोज घड्याळ मागं सारायचा. मक्केत मगरीब व्हती ती आपली झाल्यावर. मंग विलायत तर मक्केच्या बी पलीकडं. तिथं आन् हितं येकच घड्याळ कसं आसंल? तुला रुळावरची येळ कळती, आब्बांनी सांगितलेली दर्यावरची न्हाई कळत.

मंग बोलली का न्हाईस, म्हणशील. आरं, ती मन्नत म्या रागानं केली. पोराला आडवायला केली. म्हणलं, आकडा मोठा येईल, पोरगं भिऊन राहील. मंग चार दिस त्याचं तोंड बघितलं. माझ्याशी बोलंना. रातीला वहीत विंग्रजी शबुद लिवायचा आन् म्या उठले की झाकायचा. माझ्याच जिवाला लागलं. पर बोललेलं मागं कसं घ्यायचं? जा म्हणायला माझं तोंड उघडंना. तेवढ्यात तुझा चुकीचा आकडा आला. म्हणलं, आल्लानं धाडला. नबीलालनं लिवलंय ना, मंग झालं. माझ्या तोंडातनं "जा" न्हाई आलं, तुझ्या आकड्यानं म्हणलं.

मन्नतीचं भ्या तुला नको. म्या मशिदीच्या पेशइमामास्नी इचारून आले व्हते. ते म्हणाले, रोजा आपल्या गावच्या अजानीलाच सोडायचा, जिवापल्याड ताणायचा न्हाई. आन् मन्नत मोडती म्हून धा गरिबांना जेवू घाल. म्या आदीच घातलं.

आता खरं सांगायचं ते सांगते. त्या दिशी मेहरुननं मला पानी पाजलं, पर सोता न्हाई प्याली. पहाटं माझ्यासंगं उठली, सहरी केली, मंग दिवसभर शाळंच्या वह्या तपासत बसली, म्हणली भूक न्हाई. अजान झाली, मला खजूर दिला. तिनं तोंडाला काय लावलं न्हाई. म्या अंथरुणावर पडून डोळं मिटून बघत व्हते. साडेअकरा झाले तवा पोर उठली आन् माठातनं तांब्या भरून उभ्या उभ्या प्याली. तवा म्या वळखलं, पोरगं आत्ता उतरलं; माझी उरलेली मन्नत पोरीनं पुरी केली, नबीलाल. म्या उठून तिला धरणार व्हते. न्हाई धरलं. धरलं असतं तर तिचं खोटं उघडं पडलं असतं, आन् ती आजून ल्हान हाय. येक दिस म्याच सांगीन तिला. तू सांगू नको.

तवा जेव. बाकावर जा. चूक झाली ती झाली, तिच्यामुळं माझं पोरगं मार्गी लागलं आन् माझी पोरगी मला दिसली.

आन् येक काम कर. तवा मला खोटा आकडा पायजे व्हता म्हून म्या घेतला. आता पोरगं गेलं. आता खरा लिवून धाड. किती मैल, किती तास, आन् म्या मगरीबला उभी राहते तवा त्याच्या तिथं काय वाजल्यालं आसतं. चष्मा पुसून लिव. आता मला ऐकवतंय.

इमामबी
(खाली अंगठा माझाच हाय)